गोव्यात मालमत्ता एजंट होण्यासाठी काय शिकावे लागते

डिचोलीच्या एका तरुणाने विचारले आहे की, तो बी.कॉम. झाला असून सध्या एका पतसंस्थेत तात्पुरत्या कामावर आहे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्यांच्या भागात जमिनींची चौकशी वाढली आहे आणि त्याला या व्यवसायात उतरायचे आहे. त्यासाठी कोणता अभ्यासक्रम करावा, परवाना कोणता लागतो, मुंबईला जाऊन रिअल इस्टेटची महागडी पदविका घ्यावी का, असे त्याचे प्रश्न आहेत. शेवटी त्याने संकोचाने लिहिले आहे की, वडील या कामाला ‘दलाली’ म्हणतात आणि शिकलेल्या मुलाने ती करावी हे त्यांना पटत नाही.

मी बार्देश तालुक्यात बावीस वर्षे हे काम करीत आहे आणि त्याआधी तीन वर्षे म्हापशाच्या एका वकिलाच्या कार्यालयात विक्रीखतांचे मसुदे टंकलिखित करीत होतो. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो. मूळ केंद्रीय कायद्याने एजंटसाठी पदवीची किंवा अभ्यासक्रमाची कोणतीही अट घातलेली नाही, त्यामुळे तुमची बी.कॉम. पुरेशी आहे. नोंदणी मात्र घ्यावी लागेल. मुंबईची पदविका तूर्त बाजूला ठेवावी आणि पुढील दोन वर्षे जमिनीचे कागद वाचायला शिकण्यात घालवावीत, कारण गोव्यातील व्यवहार बहुधा किमतीवरून मोडत नाहीत, ते कागदावरून मोडतात.

नोंदणीविषयी बराच गैरसमज आहे, म्हणून ती बाब स्पष्ट करतो. स्थावर मालमत्ता (नियमन आणि विकास) अधिनियम २०१६, ज्याला आपण सर्व जण रेरा म्हणतो, त्याच्या कलम ९ नुसार रेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारत विकण्यास मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाने आधी एजंट म्हणून नोंदणी केली पाहिजे आणि प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक दिला पाहिजे. नोंदणीविना काम केल्यास कलम ६२ प्रमाणे दररोज दहा हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत जाऊन त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकतो. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका नाहीत, तो प्रकल्प नोंदणीतून सुटतो. जुने घर, एकाच मालकाचा सुटा भूखंड किंवा भाड्याची खोली यांचे व्यवहार तर मुळातच या चौकटीबाहेर राहतात. गोव्यातील निम्मे मध्यस्थ याच फटीत वर्षानुवर्षे काम करतात आणि ‘आम्हाला नोंदणी लागत नाही’ असे सांगतात. त्यांचे म्हणणे त्या एका व्यवहारापुरते खरे असते, परंतु पुढच्याच महिन्यात पर्वरीतील नव्या इमारतीचा ग्राहक आला की ते अडचणीत येतात. तुम्ही पहिल्या दिवसापासून नोंदणी घेऊन बसा. पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि आयकर विवरणपत्रे ही कागदपत्रे तयार ठेवली तर या कामात अवघड असे काही नाही.

डिचोलीकर म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तुमच्याकडे येणारा ग्राहक साळ किंवा दोडामार्गची सीमा ओलांडून पलीकडची जमीनही पाहू म्हणेल. एजंटची नोंदणी राज्यापुरती असते. महाराष्ट्रातील प्रकल्पासाठी महारेराची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि तेथे २०२३ पासून एजंटला वीस तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. शिवाय पलीकडे सातबारा आणि शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असल्याचा पुरावा, तर अलीकडे एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेला वारसाहक्क, असा सगळाच हिशेब बदलतो. दोन्हीकडे एकाच तोंडी ज्ञानावर काम करणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी फारच थोडे जण दहा वर्षे टिकले. महारेराचा तो परीक्षेचा अभ्यासक्रम मात्र परीक्षा द्यायची नसली तरी वाचून काढा, कारण चटई क्षेत्र, विक्री करारनामा, १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम करारनाम्याआधी न घेण्याचा नियम आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याची विकासकाची जबाबदारी या गोष्टी दोन्ही राज्यांत सारख्याच आहेत.

आता शिक्षणाविषयी. रिअल इस्टेटमधील एम.बी.ए. किंवा पदविका निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. मोठ्या विकासकाच्या विक्री विभागात किंवा बहुराष्ट्रीय सल्लागार कंपनीत, म्हणजे मुंबई, पुणे, बंगळुरू येथे नोकरी करायची असेल तर तिचा उपयोग होतो, कारण तेथे कार्यालयीन जागांचे भाडेकरार, गुंतवणुकीवरील परतावा आणि बाजाराचे अहवाल हेच काम असते. गोव्यात स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर त्याच पैशात कायद्याची तीन वर्षांची पदवी कितीतरी अधिक फळ देते. पणजीत मिरामार येथे साळगावकर कायदा महाविद्यालय आहे, मडगावात कारे कायदा महाविद्यालय आहे. वकिली करायची नसली तरी मालमत्ता हस्तांतरण, नोंदणी, करार आणि गोव्याचा कौटुंबिक कायदा हे विषय रीतसर शिकलेला एजंट येथे विरळा आहे. ज्याचा कल बांधकामाकडे आहे त्याने बारावीनंतर किंवा दहावीनंतर स्थापत्य पदविका करावी. अशा एजंटला नकाशा वाचता येतो, भिंतीतील ओल कोठून येते ते समजते आणि पुढे स्थापत्य किंवा वास्तुकलेची पदवी व अनुभव घेऊन जमीन-इमारतींचा नोंदणीकृत मूल्यनिर्धारक होण्याची वाटही मोकळी राहते. तुमची वाणिज्य शाखाही वाया जात नाही. करकपात, भांडवली नफा आणि कर्जाचे हप्ते समजावून सांगणारा मध्यस्थ ग्राहकाला हवाच असतो.

परंतु खरी शाळा कागदांची आहे, आणि तिच्यावर मी थोडा अधिक वेळ घेतो.

ग्रामीण भागातील कोणतीही जमीन पाहायला जाण्याआधी तिचा एक-चौदाचा उतारा काढावा. तो पूर्ण वाचावा. नवशिके फक्त कब्जेदाराचे नाव पाहतात, पण त्याच्या खाली कुळाचा रकाना असतो, त्यानंतर इतर हक्कांचा रकाना असतो, आणि वर जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन, केर, मोरड असे क्षेत्राचे प्रकार लिहिलेले असतात. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर कूळ कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मानीव (कायद्याने गृहीत धरलेला) खरेदीदार केलेले असल्यामुळे ‘भाटकार (जमीनमालक) विकायला तयार आहे’ या वाक्याला तेथे फारसा अर्थ उरत नाही. इतर हक्कांत घर नोंदलेले असेल तर मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का, हे विचारावे, कारण १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला निष्कासनापासून संरक्षण दिले आहे. तरीच्या रकान्यात आकडा असेल तर २०२३ चा शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायदा आठवावा. त्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याच्या नावावर जाण्यास अटकाव केला आहे. दिल्लीच्या ग्राहकाला हिरवेगार शेत दाखवून ‘येथे बंगला छान होईल’ म्हणणारा मध्यस्थ एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड, आणि ग्राहकाच्या दृष्टीने त्यात काही फरक नसतो.

दुसरी गोष्ट अशी की, उताऱ्यावरील कब्जेदार म्हणजे निर्विवाद मालक नव्हे. जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ प्रमाणे उताऱ्यातील नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकी शोधायची तर त्याच्याही मागे जावे लागते. जुन्या भू-नोंदणीतील डिस्क्रिप्शन आणि इन्स्क्रिप्शन (जमिनीचे वर्णन आणि तिच्यावरील हक्काची नोंद), महसुलाचे मात्रिझ, जुनी खते आणि न्यायालयातील इन्व्हेंटरी (वारसांमधील वाटणीची कार्यवाही) हे कागद पोर्तुगीज भाषेत असतात. तुम्हाला पोर्तुगीज बोलता येण्याची गरज नाही. तथापि नावे, चतुःसीमा, तारखा आणि हिस्से ओळखण्याइतके दोनशे-अडीचशे शब्द सहा महिन्यांत आत्मसात होतात, आणि मग अनुवादकाकडे कोणता कागद पाठवायचा ते कळते. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) निघाली तर तिचा १९६१ चा स्वतंत्र संहिताग्रंथ आहे. तेथे वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नये.

तिसरी आणि गोव्याबाहेरच्या एजंटला कधीच न कळणारी गोष्ट म्हणजे आपला कौटुंबिक कायदा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू झाली. आता वारसा आणि इन्व्हेंटरीसाठी गोव्याचा २०१२ चा अधिनियम आहे आणि तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक होते, आणि त्यात वारशाने आलेला वाटाही येतो. म्हणून विक्रीखतावर भावांबरोबर त्यांच्या बायकांच्या सह्या लागतात, आणि बहिणींबरोबर त्यांच्या नवऱ्यांच्याही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. व्यवसायाच्या चौथ्या वर्षी बार्देशातील एका जुन्या घराचा व्यवहार मी जमवला होता. उताऱ्यावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव होते, तिन्ही भाऊ विकायला राजी होते, आणि पुण्याच्या खरेदीदाराला मी छातीठोकपणे सांगितले की कागद स्वच्छ आहेत. बयाणा दिला गेला. विक्रीखताच्या मसुद्याच्या वेळी वकिलाने इन्व्हेंटरी विचारली तेव्हा ती झालेलीच नव्हती, आणि सासष्टीत दिलेली एक बहीणही असल्याचे पुढे आले. बहिणीने सही देण्यास नकार दिला नाही. तिचा नवरा तारवटी होता, तो जहाजावर होता आणि नवरा-बायकोचे बोलणे बंद होते. आठ महिने वाट पाहून व्यवहार मोडला. तोवर बयाण्याची रक्कम थोरल्या भावाच्या आजारपणात संपली होती. मी माझे कमिशन परत केले, आणि उरलेल्या रकमेच्या वसुलीसाठी खरेदीदाराबरोबर दोन वर्षे हेलपाटे घातले. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून विक्रेत्याला मी किंमत विचारण्याआधी, घरात बहिणी किती आणि त्यांची लग्ने कोठे नोंदली आहेत, हे विचारतो. काहींना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. वाटू द्यावा.

मालक परदेशात आणि विक्रेता मुखत्यारपत्रावर, अशी मालमत्ता आली तर दुप्पट सावध राहावे. बनावट जुनी खते नोंदवून परदेशस्थ किंवा दिवंगत मालकांच्या जमिनी हडपल्याची इतकी प्रकरणे उघड झाली की सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायाधीश व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. अशा व्यवहारात मध्यस्थाचे नावही तपासात येते. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव पोलीस ठाण्यात फार वेळ चालत नाही.

मालकी ठीक निघाली तरी बांधकाम होईल की नाही हा प्रश्न वेगळा. नगर व ग्राम नियोजन खात्याचा झोनिंग दाखला, प्रादेशिक आराखडा २०२१ मधील स्थान, रूपांतराची सनद, पोहोच रस्त्याची रुंदी आणि किनारा किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) या गोष्टी तपासाव्यात. २५ टक्क्यांपेक्षा अधिक उताराची डोंगराळ जमीन आराखड्यात बांधकामाला बंद असते, म्हणजे तेथून समुद्र कितीही सुंदर दिसला तरी घर उभे राहत नाही. झोन बदलून देण्यासाठी नियोजन कायद्यात अलीकडे घातलेली १७(२) आणि ३९अ ही कलमे न्यायालयात वादग्रस्त ठरली आहेत. तेव्हा ‘सेटलमेंट (वस्तीचा झोन) करून देतो’ या आश्वासनावर किंमत ठरवू नये आणि आपणही ते आश्वासन कोणाला देऊ नये.

हे सगळे शिकायचे कोठे? माझे मत असे की पहिले वर्ष नोंदणीची कामे करणाऱ्या वकिलाकडे, पगार कमी मिळाला तरी, कारकून म्हणून काढावे. मामलेदार कार्यालय, सब-रजिस्ट्रार, भूमापन खाते आणि पंचायत यांच्या खिडक्यांवर उभे राहून जे कळते ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. दुसरे वर्ष जुन्या, नोंदणीकृत एजंटच्या हाताखाली काढावे. निवडताना त्याच्याकडे किती गाड्या आहेत ते पाहू नये. त्याने मागील वर्षात कोणत्या मालमत्ता कागदांमुळे नाकारल्या, एवढे विचारावे. ज्याला एकही आठवत नाही त्याच्याकडे राहू नये.

उत्पन्नाविषयी स्पष्ट बोललेले बरे. विक्रीच्या व्यवहारात प्रत्येक बाजूकडून साधारणपणे दोन टक्के कमिशन घेण्याची पद्धत आहे. ८० लाखांच्या सदनिकेवर एका बाजूचे १ लाख ६० हजार होतात. समोरच्या बाजूचा ग्राहक दुसऱ्या एजंटने आणला असेल तर त्याच्या बाजूचे कमिशन त्याचे. एकाच बाजूच्या रकमेचे दोघांत वाटे पडले तर तुमच्या हातात ८० हजार येतात, आणि त्यामागे पाच-सहा महिन्यांचे पेट्रोल असते. पहिली विक्री व्हायला वर्षही लागू शकते. म्हणून वर्षभराचा घरखर्च जवळ असल्याशिवाय पतसंस्थेचे काम सोडू नये, अथवा आरंभी भाड्याच्या व्यवहारांवर गुजराण करावी. भाड्यात कमिशन लहान असले तरी ते लवकर मिळते आणि गावोगावची घरे माहीत होतात. भाडेकरूची पोलीस पडताळणी करायला मात्र विसरू नये. पर्यटकांना दिवसांवर देण्याचे घर असेल तर त्याला पर्यटन खात्याची नोंदणी लागते, हेही मालकाला आधीच सांगावे.

पैशाच्या बाबतीत काही नियम पाळावेतच. ग्राहकाचा बयाणा आपल्या खात्यात घेऊ नये. तो विक्रेत्याच्या खात्यात थेट जावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायदा मनाई करतो, आणि रोखीचा आग्रह धरणारा ग्राहक नंतर सर्वांत आधी आपल्याकडेच बोट दाखवतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदाराने १ टक्का करकपात करावी लागते. विक्रेता अनिवासी असेल तर नियम पूर्णपणे बदलतो आणि कपात पुष्कळ जास्त असते. गोव्यात पोर्तुगीज पारपत्र घेतलेली कुटुंबे घरोघरी आहेत, त्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न सुरुवातीलाच विचारून घ्यावा. अनिवासी भारतीय आणि ओसीआय (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) कार्डधारक घर किंवा दुकान विकत घेऊ शकतात, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. तुमची स्वतःची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आणि कमिशनवर १८ टक्के कर आला. वीस लाख आणि त्यापुढच्या एजंटांवर डिसेंबर २०२० पासून मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या जबाबदाऱ्याही आहेत, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणे आणि व्यवहाराच्या नोंदी जपणे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट येथे तुम्ही माझ्यासारख्यांच्या पुढे आहात.

पाच-सात वर्षांनंतर वाटा फुटतात. कोणी विकासकाच्या विक्री विभागाचा प्रमुख होतो, कोणी परदेशस्थ मालकांच्या घरांची देखभाल आणि भाडे सांभाळतो, कोणी बँकांसाठी मालकीशोधाचे काम वकिलाबरोबर करतो. माझ्या मते गोव्यात सर्वांत दुर्लक्षित काम वाटण्या न झालेल्या घरांचे आहे. पाच-सहा वारसांना एकत्र आणून, वकिलाकरवी इन्व्हेंटरी पूर्ण करून मग ते घर विक्रीला काढणे याला तीन वर्षे लागतात, पण तेथे स्पर्धा जवळजवळ नाही.

वडिलांच्या आक्षेपाबद्दल मी वाद घालणार नाही. त्यांनी जे दलाल पाहिले असतील ते मीही पाहिले आहेत. एवढे करा. आपल्याच घरभाटाचा एक-चौदाचा उतारा काढा आणि तो घेऊन वडिलांसमोर बसा. कब्जेदारांत आजोबांचे नाव अजून आहे का, आत्यांचे हिस्से कोठे गेले, कुळाच्या रकान्यात कोणी आहे का, हे त्यांना विचारत विचारत एका कागदावर लिहून काढा. तो कागद घेऊन कोणत्याही सोमवारी सकाळी म्हापशाला या, पुढचे काय ते त्याच्यावरून बोलू.